देठावरचा गंज

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी आमच्या घरातली तलवार पॉलिश पेपरनं घासली. वय वर्षं अकरा. एरवी ती माजघरातल्या तुळईवर, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली असे. वर्षातून एकदा खाली यायची, चिंच नि राखेनं चोळून घ्यायची, कुंकवाची बोटं आणि झेंडूची माळ ल्यायची आणि दसरा झाला की पुन्हा वर. त्या वर्षी तात्यांनी चोळायचं काम माझ्याकडे दिलं. शेजारी सुतारकाम चाललं होतं. चिंच तांब्या-पितळेला, लोखंडाला पॉलिश पेपरच, असा शोध मी लावला आणि दुपारभर अंगणात बसून पातं असं उजळलं की त्यात माझे दात दिसायला लागले. सगळ्यांनी पाठ थोपटली. मोतीबिंदूनं डोळे अधू झालेल्या आबांनी तेवढा मुठीखाली अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘‘इथं काहीतरी होतं ना रे?’’

होतं. दातेरी चंद्रकोरीसारखी एक खूण आणि तिच्या शेजारी दोन-तीन अक्षरं. ती कुठल्या लिपीतली होती, ते विचारू नका. मी ती वाचली नाहीत, घासली.

पुढची वीसेक वर्षं हे मी साफ विसरून गेलो होतो. आठवलं ते ओकायामात, एका निवृत्त शाळामास्तरांच्या घरी, तातामीवर गुडघे मोडून बसलेलो असताना. पुणेकरांना ओकायामा अगदीच परकं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिथल्या कोराकुएन बागेवरूनच बेतलेलं आहे. पुण्यात जपानी शिकलेली माझ्यासारखी पुष्कळ माणसं दुभाषे म्हणून तिकडे जातात, यंत्रांची माहितीपत्रकं इकडची तिकडे करतात, सुटीच्या दिवशी देवळं बघतात. मी देवळांऐवजी ओसाफुनेला गेलो. हे योशिई नदीकाठचं गाव. जुन्या बिझेन प्रांतातलं. मागच्या डोंगरांत लोहवाळू, कोळशाला जंगल, वाहतुकीला नदी, त्यामुळे कित्येक शतकं इथं घरोघरी भाते चालायचे. जपाननं राष्ट्रीय संपदा म्हणून जपलेल्या तलवारींत सगळ्यात मोठा वाटा याच प्रांताचा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीला नदीला महापूर आला आणि गावातली बहुतेक लोहारकी वाहून गेली. आज तिथं तलवारींचं संग्रहालय आहे, आणि त्या संग्रहालयात मला हे मास्तर भेटले. एकाच काचेपुढे मी अर्धा तास उभा होतो, म्हणून त्यांनी आपणहून चौकशी केली. त्यांना मी सेन्सेई म्हणायचो, ते मला आडनावापुढे ‘सान’ लावायचे. तीस वर्षांनी लहान माणसालाही.

त्यांच्याकडे एकच तलवार होती. ती दाखवण्याआधी त्यांनी मला घड्याळ आणि अंगठी काढायला लावली, हात धुवून कोरडे करायला सांगितले आणि म्हणाले, ‘‘म्यानातून बाहेर आली की बोलायचं नाही. तोंडातून तुषार उडतात. दोन दिवसांत तिथं ठिपका उठतो.’’ मग दोघांनी तिला वाकून नमस्कार केला. मला ते सोपं गेलं. हत्यारापुढे वाकायची सवय आपल्याला घरूनच असते.

सिनेमात दिसते तसली ती नव्हती. मुठीला रेशमी फीत नाही, ‘त्सुबा’ म्हणतात ती चकती नाही, म्यानाला लाख नाही. पांढुरक्या, गुळगुळीत लाकडाचं म्यान आणि त्याच लाकडाची मूठ. याला शिरासाया म्हणतात. होओ नावाच्या झाडाचं हे लाकूड. त्याचे दोन अर्धे भाताच्या खळीनं चिकटवलेले असतात, म्हणजे कधी आत गंज शिरलाच तर म्यान उकलून साफ करता यावं. नटण्याचा साज वेगळा. पातं निजतं ते असं साध्या लाकडात. डिंकाऐवजी खळ वापरणाऱ्या त्या कारागिराचं मला फार कौतुक वाटलं. पुढं कधीतरी हे उघडावं लागणार, हे त्यानं चिकटवतानाच धरून ठेवलेलं.

तलवार उपसायचीही रीत आहे. धार वर, पाठ खाली. पात्याचा भार पाठीवर ठेवून ते सावकाश सरकवायचं, नाहीतर म्यान आतून कापलं जातं आणि धारेला चरे पडतात. मग मूठ. साडेसहाशे-सातशे ग्रॅमचं ते पोलाद मुठीत बसलेलं असतं ते बांबूच्या एका खुंटीच्या जोरावर, आणि ती खुंटी पेन्सिलीएवढीसुद्धा जाड नाही. सेन्सेईंनी पितळेच्या इवल्या हातोडीनं ती बाहेर काढली, डाव्या हातात मूठ तिरकी धरली आणि उजव्या मुठीनं स्वतःच्याच डाव्या मनगटावर हलकेच ठोसा दिला. टक्. पातं सैल झालं. तळाचं तांब्याचं कडं काढलं आणि ती पूर्ण उघडी झाली.

वरचा दोन फूट भाग पहाटेच्या पाण्यासारखा. खालचा वीतभर, जो मुठीत दडलेला होता तो, काळाकुट्ट गंजलेला.

माझ्या हातात पुसायचा कागद होता. मी तो त्या गंजावर टेकवणार, तेवढ्यात सेन्सेईंनी माझं मनगट धरलं. बोलायचं नव्हतं म्हणून नुसती मान हलवली. त्या क्षणी मला आबांचा अंगठा आठवला.

या दडलेल्या भागाला जपानीत नाकागो म्हणतात आणि तो लिहायचं चिन्ह आहे झाडाच्या देठाचं. देठ कधीही पुसायचा नाही, घासायचा नाही, त्याला तेलही जवळजवळ लावायचं नाही. पातं मात्र गंजाच्या एका ठिपक्यापासूनही वाचवायचं. लोखंड तेच, एकाच भट्टीतून आलेलं, एकाच हातानं ठोकलेलं. पण वरच्या भागाला म्हातारं होऊ द्यायचं नाही आणि खालच्या भागाला तरुण दिसू द्यायचं नाही. का, तर तलवार किती जुनी हे सांगतो तो देठ. शे-दोनशे वर्षांचा गंज तपकिरी, पाच-सहाशे वर्षांचा काळा, घट्ट, तेलकट झाक असलेला. खोटा गंज चढवणारे पुष्कळ असतात, पण शतकांचा रंग नक्कल करायला अवघड. देठावर कानशीचे तिरपे चरे असतात. ते कोणत्या कोनात आहेत यावरून घराणं कळतं. खुंटीची भोकं किती, यावरून किती वेळा मूठ बदलली ते कळतं. आणि तिथंच छिन्नीनं कोरलेलं असतं घडवणाऱ्याचं नाव.

कधीकधी आणखीही काही. एदो काळात नव्या तलवारीची पारख देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर करत आणि एका घावात किती धडं तुटली हे देठावर कोरून ठेवत, काही वेळा सोन्यानं भरून. ‘दोन धडं’ अशी नोंद मी काचेआडून पाहिली आहे. अक्षर अत्यंत सुबक होतं. तलवारीच्या सौंदर्यावर लिहिताना हात सैल सुटायला लागला की मी ते अक्षर आठवतो. दुसऱ्या महायुद्धात जपानी अधिकाऱ्यांच्या कमरेला काय होतं, चीनमध्ये आणि ब्रह्मदेशात ते कशासाठी उपसलं गेलं, हेही.

सेन्सेईंच्या तलवारीच्या देठावर चार चिन्हं होती. बि-शू-ओसा-फुने. म्हणजे बिझेनचं ओसाफुने. त्याखाली माणसाचं नाव असायला हवं, तिथं देठ संपत होता. सहाशे वर्षांपूर्वी घोड्यावरून लढताना पाती लांब लागायची. पुढं लढाई पायी आली, कंबरपट्ट्यात धार वर करून खोवायची आखूड कताना आली, आणि जुनी लांब पाती कापून घ्यायची चाल पडली. टोकाकडून कापता येत नाही, तिथली धार मेहनतीनं कमावलेली असते. कापायचं ते देठाकडून. त्या कापाकापीत असंख्य लोहारांची नावं भंगारात गेली. सेन्सेईंच्या तलवारीत गाव उरलं, माणूस गेला.

पण काही जणांनी काय केलं पाहा. देठ कापताना त्यांनी नावाचा तेवढा तुकडा चौकोनी कापून घेतला आणि नव्या देठात खाच करून जडवला, भिंतीवर तसबीर टांगावी तसा. आणखी काहींनी नावाची पट्टी कापलीच नाही. पातळ करून उलटी दुमडली आणि दुसऱ्या बाजूला बसवली. तिथं नाव उलटं वाचावं लागतं. हे दुमडलेलं नाव मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काचेपुढून लवकर हललो. त्या माणसांना तलवार वापरायची होती, उद्याच्या लढाईसाठी आखूड करून हवी होती, घाई होती. तरीही एका अनोळखी लोहाराचं नाव वाचवायला त्यांनी अर्धा दिवस काढला असेल. मला कसलीच घाई नव्हती. मला आमची तलवार फक्त चकचकीत करायची होती.

मला तेव्हा तलवार विकत घ्यायची होती, हे सांगायचं राहिलं. दुभाषाचे पैसे साठले होते. सेन्सेईंचा सल्ला एकाच वाक्याचा: ‘‘आधी तीन वर्षं नुसत्या बघा, पैसे रेल्वेच्या तिकिटांवर घालवा.’’ तोक्योत र्‍योगोकूला सुमो पैलवानांच्या शेजारात तलवारींचं एक संग्रहालय आहे, तिथं मी त्यांच्या सांगण्यावरून गेलो. बघायचाही क्रम असतो. आधी हातभर लांब धरून नुसता आकार. मुठीपाशीच खोल वाकलेली असेल तर जुनी, घोडेस्वाराची. सतराव्या शतकाच्या मध्यातल्या पुष्कळशा जवळजवळ सरळ. मग जवळ आणून पोलादाचा पोत. घडी घालून ठोकलेल्या पोलादात लाकडासारखे रेषे उतरतात. कुठं फळीसारखे, कुठं गाठीसारखे, कुठं सरळ. मग एका दिव्याकडे टोक रोखून, उजेड पात्यावरून घरंगळवत धारेची रेघ बघायची. तिला हामोन म्हणतात.

ही रेघ कशी येते, ते मला आपल्या लोहारामुळे चटकन कळलं. आपला लोहारही कोयत्याला ‘पाणी पाजतो’. जपानी लोहार त्याआधी पात्याला मातीचा लेप देतो, पाठीवर जाड, धारेवर पातळ. अंधार करून पातं तापवतो, कारण रंगावरूनच ताप ओळखायचा असतो. मग एकदम पाण्यात. लेप पातळ तिथं पोलाद झटकन निवतं, कडक होतं आणि किंचित फुगतं. पाठ मागून सावकाश निवते. या ओढाताणीतच तलवारीला बाक येतो. लोहार सरळसर पातं पाण्यात घालतो, बाहेर येते ती चंद्रकोर. नाहीतर तडा जातो आणि महिन्यांची मेहनत पाण्यात जाते, शब्दशः. कडक आणि मऊ पोलादाच्या सीमेवर जी धुकट रेघ उमटते ती हामोन. ओसाफुनेची रेघ लवंगेच्या ओळींसारखी असते, टोपी असलेल्या लवंगा एकीला एक लागून ठेवाव्यात तशी. तिचं नावच चोजी, म्हणजे लवंग. आणि पात्याला लावतात त्या तेलाचं नावही चोजीच.

दोष ओळखायलाही सेन्सेईंनीच शिकवलं. पोलादावर बारीक फोड असेल, रेषा किंचित उकललेली असेल तर चालवून घ्यायचं; माणसाच्या अंगावरही व्रण असतात. पण धारेला आडवी गेलेली केसाएवढी चीर दिसली की ती तलवार मेलेली समजायची, तिच्यावर इलाज नाही. आणि नावावर भाळायचं नाही. प्रसिद्ध लोहारांची खोटी नावं शेकडो वर्षं कोरली जात आहेत. खोट्या नावाच्या तलवारीपेक्षा बिननावाची चांगली तलवार केव्हाही वरचढ. सेन्सेईंच्या तलवारप्रेमी मंडळाची महिन्याला बैठक भरे. त्यात पाच तलवारी मांडत, देठ कापडात बांधलेले. नुसतं पातं बघून लोहाराचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. बरोबर आलं तर ‘आतारी’, त्याच घराण्यातला जवळचा कोणी लिहिला तर ‘दोझेन’, म्हणजे आल्यातच जमा. मला एकदा एक दोझेन मिळाला. बाकी सगळं चूक.

विकत घेताना माणसापेक्षा तलवारीचे कागद महत्त्वाचे. जपानात परवाना बाळगणाऱ्याला नसतो, नोंदणीपत्र तलवारीचं असतं. लांबी, बाक, खुंटीची भोकं, देठावरची अक्षरं, सगळं त्यात लिहिलेलं. तलवार जिथं जाईल तिथं तो कागद जातो, आणि नव्या मालकानं वीस दिवसांत आपलं नाव कळवायचं असतं. मालक बदलत जाणार, हे कागदाला पहिल्यापासून ठाऊक. आजही नव्या तलवारी घडतात, पण लोहारानं किमान पाच वर्षं गुरूकडे उमेदवारी करायची, सरकारी कसोटीला उतरायचं आणि त्यानंतरही महिन्याला दोनच लांब तलवारी करायच्या. त्यांना लागणारं पोलाद शिमाने जिल्ह्यात मातीच्या भट्टीत तीन दिवस तीन रात्री जागून काढतात. ती भट्टी 1977 साली पुन्हा सुरू झाली. हे सगळं इतिहासजमा होईल असं वाटत असतानाच 2015 साली एक ऑनलाइन खेळ आला. त्यात प्रसिद्ध तलवारी देखण्या तरुणांच्या रूपात येतात. झालं, संग्रहालयांपुढे मुलींच्या रांगा. जुने संग्राहक नाकं मुरडत होते, सेन्सेई मात्र खूश. ओसाफुने ज्या सेतोउची शहरात मोडतं, त्यानं लोकांच्या देणग्यांतून 2020 साली ‘सान्चोमो’ नावाची राष्ट्रीय संपदा असलेली तलवार 50 कोटी येनांना घेऊन माहेरी आणली.

आता निगा. ऐकायला सोपी, करायला अवघड, कारण तिच्यात करण्यापेक्षा न करणंच जास्त. हातानं चुरगळून चुरगळून मऊ केलेला कागद घ्यायचा, पाठीकडून पकडून तळापासून टोकापर्यंत जुनं तेल पुसायचं. टोकाकडून तळाकडे कधीच नाही. मग रेशमाच्या कापडात बांधलेली, काठीच्या टोकावरची एक पांढरी पुरचुंडी असते, तिच्यात सहाणेच्या दगडाची वस्त्रगाळ भुकटी. ती पात्यावर हलके थोपटत जायचं, तान्ह्या बाळाला पावडर लावावी तशी, आणि दुसऱ्या कागदानं पुसून घ्यायचं. त्या भुकटीनंही कालांतरानं चरे उमटतात, म्हणून अलीकडे बरेच जण ती टाळतात. मग उजेडात बघायचं, कुठं ठिपका आहे का. शेवटी नव्या तेलाचा इतका पातळ हात, की तेल आहे असं दिसू नये पण कळावं. जास्त झालं तर ते ओघळून म्यानात जातं आणि धूळ धरतं. हे तीन-चार महिन्यांतून एकदा. पावसाळी हवेत थोडं लवकर.

सेन्सेईंनी पहिल्यांदा तेलाची बाटली उघडली तेव्हा खोलीभर लवंगेचा वास आला. दाढ दुखली की आई कापसाचा बोळा द्यायची, तो वास. सहाशे वर्षांचं पोलाद आणि माझी किडकी दाढ एका वासात.

आणि ठिपका दिसलाच तर? काही करायचं नाही. धार लावणाऱ्याकडे न्यायचं. त्याला तोगिशी म्हणतात आणि त्याची विद्या लोहाराइतकीच मोठी. होन्आमी कोएत्सू हा जपानचा थोर कलावंत, सुलेखनकार, कुंभार, अशाच पारखी आणि धार लावणाऱ्यांच्या घराण्यातला. हे लोक एकाहून एक मऊ दगडांवर पातं फिरवतात. शेवटचे दगड तर इतके पातळ, की कागदाला चिकटवून, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा बोटाखाली धरून इंच-इंच फिरवायचा. पण दर खेपेला पात्याचं थोडं पोलाद जातंच. किती वेळा उजळायचं याला मर्यादा आहे. फार वेळा उजळलेल्या तलवारीचं वरचं कातडं झिजतं आणि आतलं भरड पोलाद दिसायला लागतं. त्यांच्यात म्हणतात, तलवार थकली.

स्वतःच्या करणीचं फळ, याला जपानीत ‘अंगातून निघालेला गंज’ म्हणतात. ‘बाक जुळत नाही’ म्हणजे पटत नाही. भांडून पुन्हा एकत्र आलेलं जोडपं ‘जुन्या म्यानात जाऊन बसतं’. आपल्याकडे एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत, त्यांच्याकडे दुसऱ्याच्या म्यानात एकही नीट बसत नाही. दुभाषाला असल्या गोष्टींचा भारी आनंद.

तीन वर्षं बघून झाली आणि मी तलवार घेतली नाही. पैसे नव्हते असं नाही, तिकडून इकडे आणण्याची दोन्हीकडची कागदपत्रं फार होती असंही नाही. सेन्सेई म्हणाले, ‘‘तुमच्या घरी आहे ना एक?’’ मी त्यांना पॉलिश पेपरची गोष्ट सांगितली होती. ते हसले नाहीत. ‘‘किती वर्षांपूर्वी?’’ विचारलं. तेवीस, म्हणालो. ‘‘मग आता गंजायला लागली असेल. चांगलं आहे.’’

आता ती माझ्याकडे असते. तुळईवर नाही, कपाटात, सुती फडक्यात, आडवी. चिंच बंद, राख बंद. तीन महिन्यांनी मऊ फडकं आणि शिलाई मशीनचं तेल. त्यात मी लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकतो. फायदा काही नाही, वासासाठी. दातेरी चंद्रकोरीची खूण युरोपातून आलेल्या फिरंग पात्यांवर सापडते, तिची नक्कल इतरही करत, एवढं मला नंतर कळलं. आमच्या तलवारीचं काय ते अक्षरांनी सांगितलं असतं. खंडेनवमीला कुंकू मुठीला लागतं, पात्याला नाही. यावरून घरात दोन वर्षं कुरबुर चालली, आता बंद आहे. मुठीखालची चार बोटं जागा हळूहळू काळवंडतेय. तिथं मी फडकं नेत नाही.

तुमच्या घरी माळ्यावर एखादी तलवार, कट्यार, निदान आजीचा अडकित्ता असेल, तर यंदा घासायला घेण्याआधी मुठीपाशी तिरपा उजेड पाडून बघा. काही कोरलेलं दिसलं तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा.